थेंबांचं पथ्य

थोरलीच्या हातात खोट नाही, हे धाकटी कुणालाही छातीठोकपणे सांगायची. तोंडाचं सोडा. थोरलीचं तोंड लहानपणापासून तिखटमीठ लावल्याशिवाय उघडतच नसे. पण हात खरा. आणि धाकटीला हे ठाऊक असायचं कारण दोघींचा धंदाच तसा होता.

लव्हाळ्याच्या खुर्च्या विणायच्या दोघी. तळ्याकाठचा लव्हाळा उन्हाळ्यात कापायचा, वाळवायचा, लागेल तसा टाकीत भिजवायचा आणि लाकडी सांगाड्यावर बैठक विणायची. हे एकटीचं काम नव्हे. सांगाड्याच्या एका बाजूला बसून थोरली ओल्या पात्यांना पीळ घालायची, समोर बसलेली धाकटी तो दोर ताणून कडेवरून वळवून घ्यायची. ओला लव्हाळा कुणासाठी थांबत नाही, सुकला की मोडतो. म्हणून एकदा बैठक धरली की पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही, हा वडिलांपासूनचा शिरस्ता. तासन्‌तास दोघींच्या मधे तेवढा एक दोर. थोरली चिडलेली असली की पीळ करकचून बसायचा, रडून आली असली की सैल पडायचा. तिला काही विचारायची गरजच पडत नसे. तरी धाकटी विचारायचीच, कारण थोरलीला विचारलेलं आवडायचं.

तर त्या तळ्याकाठीच दोघींना गोचीड चावली, एकाच हंगामात. तिळाएवढा किडा तो, त्याचं काय एवढं? गवतात वाकून काम करणाऱ्याला काही ना काही चावतच असतं. दोघींनी नखानं काढून टाकली आणि पुन्हा कामाला लागल्या. मग ताप आला, गेला, परत आला. गुडघे सुजले, बोटं सकाळी वळेनात. धाकटीच्या मांडीवर चावल्या जागी लाल चकती उठली आणि रोज पसरत गेली. तेव्हा मात्र ती घाबरून हॉस्पिटलात गेली.

तिथले डॉक्टर म्हातारे आणि घाईचे. मान वर न करता म्हणाले, गोचिडीचाच आजार दिसतोय, रक्तात अजून सापडणार नाही, पण गोळ्या घ्या आणि पुऱ्या करा. तिनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. गोळ्यांनी दोन दिवस पोटात नुसतं ढवळलं. तिसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, पुरे कर ते विष, मी तुला चांगल्या माणसाकडे नेते.

हा चांगला माणूस म्हणजे थेंबकाका. खरं नाव कुणी घेत नसे. पूर्वी घड्याळं विकायचे म्हणे, पण आता एका बोळातल्या वरच्या मजल्यावर मुळ्यांचे आणि सालींचे अर्क काळ्या बाटल्यांतून देत. खोलीत स्वच्छ पडदे, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि भिंतीवर गोचिडीचं हे एवढं मोठं चित्र. धाकटीला त्यांनी खुर्चीत बसवलं आणि ती बोलायची थांबेपर्यंत ऐकून घेतलं. आजारी माणसाला औषधाआधी कान लागतो, आणि तो कान त्या डॉक्टरांनी दिला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण नाही दिला. धाकटी तिथेच विरघळली.

थेंबकाका म्हणाले, गोचीड एकटी येत नाही, सोबत पाहुणे आणते. एक रक्तात मुक्काम ठोकतो, एक सांध्यात, एक थेट मेंदूत. प्रत्येकाची बाटली वेगळी. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: त्रास वाढला तर घाबरायचं नाही, जंतू मरताना लाथा झाडतात, त्याचाच तो त्रास. काय सोय बघा. बरं वाटलं तर थेंब लागू पडले, आणि मरायला टेकलात तरी थेंबच लागू पडले.

घरी आल्यावर धाकटीनं उरलेल्या गोळ्या थोरलीच्या हातात दिल्या आणि टाकून दे म्हणाली. दोघींचे थेंब एकाच दिवशी सुरू झाले.

आणि थोरली बरी व्हायला लागली की हो. आधी ताप गेला, मग गुडघे उतरले. एका सकाळी बैठक विणताना धाकटीच्या हातात दोर आला तो असा घट्ट पिळलेला, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती महिन्यांनी तो हात परत आला होता. थेंबकाकांचं बोलणं तिनं कदाचित तोलून पाहिलं असतं, थोरलीच्या बोलण्यातलं तर निम्मं ती नेहमीच सोडून देत आली होती. पण दोरावर शंका कोण घेणार? तिथे तिची मती गुंग झाली ती झालीच.

थोरली सगळं मनापासून करत होती. पथ्यही कडक पाळायची. दूध बंद, चहा कोरा. सकाळचा डोस घेतला की आडवं व्हायचं नाही, ताठ बसून राहायचं. उन्हात जायचंच नाही, गेलंच तर लांब बाह्यांचा झगा, हातमोजे, डोक्यावर रुंद टोपी. ऐन उन्हाळ्यात तळ्यावर ती अशी नखशिखांत गुंडाळून यायची, तेव्हा शेजारचा कुलूपवाला विचारायचा, काय ताई, मध काढायला निघालात की काय. धाकटी हसायची, आणि मुकाट तेच पाळायची. तिनंही दूध सोडलं, तीही घामाघूम होत हातमोजे घालून लव्हाळा कापत राहिली. थोरलीला जे लागू पडलं ते आपल्यालाही पडेल, एवढा साधा हिशेब.

रविवारी थेंबकाकांच्या खोलीत सगळे आजारी जमायचे. थोरली आता तिथे बोलायला उभी राहू लागली होती. आयुष्यात जिचं कुणी धड ऐकून घेतलं नाही, तिच्यासमोर लोक हात जोडायला लागले. बायका तिचा हात हातात घेऊन विचारत, ताई, आम्हालाही असंच वाटेल ना? थोरली म्हणायची, धीर धरा. घरी धाकटीलाही तेच सांगायची.

धाकटीनं धीर धरला. बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, तरी धरला. मग बोटं बधिर झाली. दोर हातातून निसटायला लागला, बैठकी वाकड्या येऊ लागल्या, आणि थोरली त्या गुपचूप उसवून पुन्हा विणायला लागली. एका सकाळी आरशात बघते तर तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळा मिटेना. थेंबकाका खूश झाले. म्हणाले, मेंदूतला पाहुणा हलला, आता थेंब दुप्पट करा. त्या वेळी थोरली शेजारीच बसली होती. ती पायाकडे बघत राहिली.

शेवटी एका दुपारी पाण्याच्या टाकीपाशीच धाकटी कोसळली. थोरली त्या वेळी थेंबकाकांकडे गेलेली. कुलूपवाल्यानं आवाज ऐकला, हातातलं काम टाकून धावला, आणि तिला उचलून आपल्या गाडीतून हॉस्पिटलात पोचवलं. हृदयाचे ठोके मंदावले होते. या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं विचारलं, थेंबांबद्दल ऐकूनही तोंड वाकडं केलं नाही, आणि शिरेतून इंजेक्शनं सुरू केली. ठोके पूर्ववत झाले, चेहरा हळूहळू जागेवर यायला लागला. बोटांचं विचारल्यावर मात्र डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. उशीर झालाय, म्हणाल्या. थोडी जाण येईल, सगळी येईल असं मी सांगू शकत नाही. धाकटीनं आपले हात पांघरुणाखाली घातले.

घरी सोडायच्या दिवशी नर्सनं पुढच्या गोळ्या हातात दिल्या आणि पाठ केल्यासारखं सांगायला लागली: दुधासोबत घ्यायच्या नाहीत. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. आणि उन्हात जायचं नाही हं, कातडी भाजते. गेलातच तर अंग झाकून, टोपी घालून.

"हे पथ्य मला माहीत आहे," धाकटी म्हणाली.

नर्स म्हणाली, म्हणजे या गोळ्या आधी घेतल्यात वाटतं. दोनच दिवस, धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थबकली. कोरा चहा. ताठ बसणं. उन्हातले हातमोजे. पथ्य गोळ्यांचं होतं, आणि ही बापडी ते थेंबांवर पाळत होती.

संध्याकाळी थोरली न्यायला आली. पिशवी भरत होती, कुलूपवाल्याबद्दल काहीतरी गंमत सांगत होती. धाकटीनं तिला बोलू दिलं. मग विचारलं, "माझ्या गोळ्या तू टाकल्यास की खाल्ल्यास?"

थोरलीचा हात पिशवीतच राहिला. आधी म्हणाली, कसल्या गोळ्या. मग म्हणाली, थेंबही घेतच होते ना मी, कशानं बरं वाटलं मला काय ठाऊक. मग खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. एके रात्री हात इतके दुखले की भीती वाटली, म्हणाली. तू टाकून दे म्हणालीसच होतीस. पाकिटात पथ्याचा कागद होता, तो पाळत गेले. मग फरक पडला, आणि रविवारी सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की तोंडातून निघेना. रोज ठरवत होते तुला सांगायचं.

"माझं तोंड वाकडं झालं तेव्हाही ठरवत होतीस?"

धाकटीला वाटलं होतं की आपण ओरडू, हाताला लागेल ते फेकून मारू. तसलं काही झालं नाही. नुसतं आत काहीतरी चरचरत राहिलं. परक्यानं लुबाडलं तर माणूस त्याच्या नावानं बोटं तरी मोडतं. इथे सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता, आणि तीच आता तिच्या चपला वाकून सरळ करून ठेवत होती.

माफी मला नको, धाकटी म्हणाली. एकच कर. थेंबकाकांच्या खोलीत नव्यानं यायला लागलेली एक बाई होती, बस चालवणारी. नवऱ्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, त्याला दर वेळी जिना धरून धरून चढवायची. तिच्या नवऱ्याच्या हातात हॉस्पिटलच्या गोळ्या होत्या, आणि त्या घ्याव्यात की नाही हे ती रविवारी थोरलीला विचारणार होती. त्या बाईसमोर, सगळ्यांसमोर खरं सांग, धाकटी म्हणाली. माझे हात गेले ते गेले, पण त्याचा पाय तरी वाचेल. थोरलीनं डोळे पुसले आणि आईची शपथ घेतली.

रविवारी खोली भरलेली होती. धाकटी बस चालवणाऱ्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. थोरली उभी राहिली, तिनं एकदा धाकटीकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, आता सांगते. आणि त्या क्षणी तिनं थोरलीला मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं. वेडी कुठली.

"ही माझी धाकटी," थोरली म्हणाली. "मरणाच्या दारातून परत आलीय. तोंड बघा तिचं, सरळ झालंय. तिनंही मधे धीर सोडला होता, पण शेवटी थेंबांनीच..."

पुढचं धाकटीनं ऐकलं नाही. ती उठली. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, आवाज चिरकला, पण तिनं सगळं सांगितलं: इंजेक्शनं, गोळ्या, आणि थोरली बरी झाली ती कशानं झाली तेही. थेंबकाका रागावले नाहीत. उलट फार मायेनं म्हणाले, हा मेंदूतला पाहुणा बोलतोय, जाता जाता असा बोलतोच, आपण समजून घ्यायचं.

बस चालवणारी बाई काही दुधखुळी नव्हती. तिनं थेंबकाकांकडे पाहिलंही नाही. ती थोरलीकडे वळली आणि सरळ विचारलं, "ताई, तुम्ही गोळ्या घेतल्या होत्या का?"

सगळ्या खोलीनं थोरलीकडे पाहिलं. कितीतरी डोळे, आणि सगळ्यांत तीच आशा. थोरलीनं ते एकेक करून पाहिले. धाकटीकडे मात्र पाहिलं नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "तिच्या डोक्यातलं अजून पुरतं गेलेलं नाही. तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका."

लोकांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला, कुणीतरी तिला पाणी आणून दिलं, वेड्या माणसाला देतात तसं. बस चालवणाऱ्या बाईनं नवऱ्याची खुर्ची धाकटीपासून थोडी लांब ओढून घेतली. मग तिनं थोरलीला विचारलं, थेंब सकाळी घ्यायचे की रात्री.

"दोन्ही वेळा," थोरली म्हणाली.