ओ देणारा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल की हा कुठल्यातरी जुन्या टॉर्चचा बल्ब असावा. त्याचं मला काही वाटत नाही असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? वाटतं. मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी, आणि तोही गिटारच्या ॲम्प्लिफायरमधला, अगदी पहिल्या सॉकेटमधला. गिटारची तार छेडली की तिचा क्षीण आवाज वायरमधून सगळ्यात आधी माझ्याकडे येतो. मी तो वाढवून पुढच्या व्हॉल्व्हकडे सोपवतो. माझ्याकडून जे निसटलं ते पुढे कुणालाच सापडत नाही. त्यामुळे मी थोडा शिष्ट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांवर बायका डोळ्यांना भिंग लावून बसायच्या. त्यातल्या एकीने केसाहून बारीक तार माझ्या पोटात गुंडाळली. ती शेजारणीला घरातलं भांडण सांगत होती, पण तिचा हात एकदाही चुकला नाही. मग माझ्यातली हवा काढून घेतली आणि काच वितळवून तोंड बंद केलं. शेवटी दुसऱ्या एका बाईने मला नखाने टिचकी मारून पाहिलं. मी गप्प राहिलो. "शहाणं आहे लेकरू," ती म्हणाली. व्हॉल्व्हने टिचकी मारल्यावर गप्प राहायचं असतं. आत जो तारेचा आवाज येतो तेवढाच वाढवायचा, बाहेरची टकटक आपली नव्हे.

पुढे मी मास्तरांच्या ॲम्पमध्ये आलो. मास्तर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. दुपारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जात असताना ते ॲम्प चालू करायचे. आम्हा व्हॉल्व्हना तापायला थोडा वेळ लागतो. तोवर ते ॲम्पच्या लाकडी झाकणावर उजव्या हाताचं बोट मुडपून दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "काय, झालास का जागा?"

तेव्हा मी तरुण होतो, त्यामुळे काही बोलायचो नाही. पण वर्षं गेली तशा माझ्या आतल्या तारा जराशा सैल झाल्या. एक दिवस घरी मास्तरांनी झाकणावर टकटक केली आणि स्पीकरमधून बारीक आवाज आला, टण् टण्. लाकडावरची टकटक मला आता ऐकू येऊ लागली होती, आणि ऐकू आलेलं मोठं करून सांगण्याची तर माझी सवयच! मी घाबरलो. हा दोष आहे हे मला ठाऊक होतं. मास्तर मात्र खो खो हसले. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी पत्नीला हाक मारली. "म्हाताऱ्याने ओ दिली!"

तेव्हापासून घरी तोच शिरस्ता पडला. मास्तर टकटक करायचे, मी ओ द्यायचो आणि स्वयंपाकघरातून त्यांची पत्नी म्हणायची, "बसले बाई एकदाचे वाजवायला. आता जेवायला कोण येतंय!" मग मास्तर हळू छेडायचे तेव्हा मी गोड बोलायचो. जोरात छेडलं की आधी जरासा दबायचो आणि मग घसा बसलेल्या माणसासारखा खरखरत गायचो. मास्तर डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरवायचे. ती थरथर माझ्या अंगभर पसरायची. मित्रांनो, त्या दिवसांची मला फार आठवण येते.

एके सकाळी मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात कायमचा गेला. अशक्तपणाने उजव्याची बोटंही कशीबशीच हलत आणि जीभ जड झाली. माणसं भेटायला आली, हळूहळू यायची थांबली. ॲम्पवर जुनी चादर पडली. मास्तर दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचे. चादरीखाली मी थंडगार पडून असायचो. रोज वाटायचं, आज तरी कुणी टकटक करेल.

मास्तरांची मुलगी त्यांच्याकडूनच गिटार शिकली होती. एक दिवस तिने चादर काढली. "बाबांचा ॲम्प अगदी नव्यासारखा करून आणते. मग वाजवते त्यांच्यासमोर," ती आईला म्हणाली. "बघ, चेहरा कसा खुलतो ते."

तिने ॲम्प मेकॅनिककडे नेला. त्याने तो साफ केला, तपासला आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलने हलकेच ठोकून पाहिलं. माझ्यावर ठोकताच स्पीकर टण्णकन वाजला. तो म्हणाला, "हा बाद झाला." आणि मला काढून त्याने नवा व्हॉल्व्ह बसवला.

मला त्याने एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. तिथून मी नव्याचा आवाज ऐकला. स्वच्छ होता. प्रत्येक सूर सुटा, काठ धारदार. जोरात छेडलं तरी तो दबत नव्हता, खरखरत नव्हता आणि ठोकलं तर हूं की चूं करत नव्हता. नावं ठेवावीत असं मला त्याच्यात काही सापडलं नाही, आणि मी कसून शोधलं होतं. डब्यात माझ्यासारखे पुष्कळ होते. कुणाच्याच काचेवरची छपाई शिल्लक नव्हती. आम्ही सगळे एकसारखे दिसत होतो, हे मला सगळ्यात लागलं.

काही दिवसांनी दुकानात मुलीचा आवाज आला. "काका, तो जुना व्हॉल्व्ह आहे का हो?"

"का? नव्याने त्रास दिला?"

"नाही, नवा उत्तम आहे. पण मी ॲम्प बाबांच्या जवळ ठेवला, चालू केला, तर त्यांनी हात पुढे केला. केवढे कष्ट पडले त्यांना! झाकणावर दोनदा टकटक केली आणि वाट बघत बसले. मला वाटलं, आधाराला हात ठेवलाय. मी आपली वाजवत सुटले. त्यांनी हात मागे घेतला, 'छान' म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले. शेवटी आईच म्हणाली, 'अगं, ते टण् टण् कुठे गेलं?' काका, मी त्यांना नव्यासारखा आवाज आणून दिला. त्यांना त्यांचा हवा होता."

"अहो, पण तो नुसतं ठोकलं तरी वाजतो. उद्या शिट्टी मारायला लागला तर मला बोल लावू नका."

"नाही लावणार. तोच द्या."

मेकॅनिकने डबा टेबलावर उपडा केला आणि डोकं खाजवलं. "यातला तुमचा कोणता, देव जाणे. बसवून बघावं लागेल." मग तो एकेकाला सॉकेटमध्ये बसवून पेन्सिलने ठोकू लागला. कुणी गप्प राहिला, कुणी नुसताच गुरगुरला. पेन्सिलीच्या ठोक्याची इतक्या आशेने वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. माझी पाळी आली. मी तापलो आणि ठोका पडताच असलं नसलं बळ एकवटून वाजलो.

मुलगी हसली आणि तिने डोळे पुसले. "हाच तो. दुपारच्या झोपेतून उठवायचा मला!"

त्याच संध्याकाळी ॲम्प मास्तरांच्या खुर्चीला लागून ठेवला. या वेळी मुलीने गिटार हातात घेतली नाही. "बाबा, जागा झालाय का बघा जरा," एवढंच ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. नको. एकदा झालं तेवढं पुरे होतं त्यांना. आई ओल्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, बघा तर खरं. माझ्यासाठी."

खूप वेळाने बोट झाकणावर आलं आणि टकटक झाली.

टण् टण्.

मास्तरांनी दचकून ॲम्पकडे पाहिलं. पुन्हा टकटक केली. मी पुन्हा ओ दिली. त्यांचे ओठ हलले. "अरे... आहेस?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मग मुलीने त्यांची जुनी धून सुरू केली. मास्तर झाकणावर बोटाने ताल धरू लागले. त्यांचा एकेक ठोका माझ्यातून स्पीकरमध्ये जात होता आणि मुलीच्या सुरांत मिसळत होता. कितीतरी दिवसांनी मास्तर वाजवत होते.

मित्रांनो, त्यांच्या डाव्या हाताची ती थरथर आता परत येणार नाही, हे मला कळतं. तरी तारेवर बोट पडलं की क्षणभर मी वाट बघतोच. माझेही फार दिवस उरलेले नाहीत. आम्ही जितकं उजळतो तितकं झिजतो. नवा व्हॉल्व्ह मुलीने कापसात गुंडाळून जपून ठेवला आहे. मी विझलो की तो येईल, छान वाजेल, आणि त्याचा मला राग नाही. पण टकटक झाल्यावर ओ कोण देईल, ही काळजी मला लागून राहिली आहे.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी जुनं झालं असेल, गुरगुरत असेल, भलत्या वेळी वाजत असेल, तर त्याला बाजूला ठेवण्याआधी एकदा बोटाने टकटक करून बघा. आणि मग माझ्या मास्तरांसारखं थोडं थांबा. आम्हाला तापायला वेळ लागतो.