गाठीवरची पट्टी

चामड्याची ती पट्टी बघितली तेव्हाच माझं डोकं फिरलं. धनुष्याला पट्टी असते ती मधोमध, मुठीपाशी, पकड नीट बसावी म्हणून. ही वीतभर वर गुंडाळली होती, आणि बरोबर तिथेच, जिथे त्या लाकडात गाठ होती.

ती गाठ मला तोंडपाठ होती. सात वर्षांपूर्वी बाबांनी तुतीचे तीसेक ओंडके उलटेपालटे करून त्यातला एक उचलला होता. तो फोडून निघालेल्या फाकांपैकी सगळ्यात सरळ फाकेच्या टोकांना मेण लावलं, वर पेन्सिलीने ‘नातीसाठी’ असं लिहिलं आणि ती माळ्यावर वाळत टाकली. नात म्हणजे दादाची मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होती, आता सोळाची आहे, आणि उद्या संघाच्या निवडीत ती हेच धनुष्य ओढणार होती. मी यंदा दुसऱ्या कामात अडकले होते, म्हणून ते बाबांनी आणि दादाने मिळून केलं. दादा खुर्च्या-टेबलं करतो. धनुष्य आणि स्टूल यात त्याला फारसा फरक वाटत नाही.

मी चाकू घेतला आणि पट्टी कापून काढली. खाली तीन कडी तुटलेली होती.

झाडाचं दर वर्षाचं एक कडं असतं. तुतीचं धनुष्य करताना साल आणि वरची कडी सुरीने उतरवत एका कड्यावर येऊन थांबायचं, आणि तेच एक कडं पाठीवर, म्हणजे निशाणाकडच्या बाजूवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं. गाठ आली की कडं तिथे फुगतं. सुरीनेही मुकाट्याने त्या फुगवट्यावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. सरळ गेलात की कडं तुटतं, आणि तुटल्या कड्याचं धनुष्य एक ना एक दिवस मोडतं. मोडतं तेही पूर्ण ताणलेलं असताना, ओढणाऱ्याचा डोळा त्याच्यापासून हातभर अंतरावर असताना.

हे मला शिकवायला बाबांना एक दिवस पुरला होता. मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या पहिल्या धनुष्याचं एक कडं तुटलं होतं. एकच, नखाएवढं. आठ महिन्यांचं काम त्यांनी माझ्यादेखत सरस तापवायच्या शेगडीत घातलं. मी ढसाढसा रडत होते आणि वर त्यांनी मला कारखाना झाडायला लावला.

दादा मशीनवर खुर्चीचा पाय घासत होता. मी बटण बंद केलं आणि धनुष्य त्याच्या नाकासमोर धरलं. हे कोणाचे प्रताप, असं विचारलं. त्याने दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “माझे. ओरडू नकोस.”

मग तर मी ओरडलेच. स्वतःच्या पोरीचा डोळा जाईल याची चाड आहे का, विचारलं. चूक झाली तर झाली, पण वर चामडं गुंडाळून ती झाकायची अक्कल कोणी दिली, विचारलं. मेणचट, बिनकण्याचा, काय काय म्हणाले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. तो पायावरचा भुसा झटकत राहिला. आज संध्याकाळी मीच ते मोडणार होतो, पोरीला माझं जुनं देणार होतो, एवढंच पुटपुटला. मला ती शुद्ध थाप वाटली.

आरडाओरडा ऐकून बाबा आले. मी सगळं सांगितलं, अगदी मीठमसाला लावून. बाबांनी दादाला धनुष्याला पुन्हा हात लावायचा नाही असं बजावलं, आणि तो “बरं” म्हणाला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

“पोरीला मी नवीन करून देतो,” बाबा म्हणाले. उद्याला नाही तर पुढच्या निवडीला. त्यांनी ढिगातून एक फाक ओढली, शिकंज्यात आवळली आणि दोन मुठींची सुरी घेऊन बसले.

फाक बघूनच मला खटकलं. तिचे रेषे पिळवटलेले होते. आधीच्या बाबांनी असली फाक चुलीला घालायलाही दहादा विचार केला असता. मग सुरी गाठीपाशी आली आणि सरळ निघून गेली. चढली नाही, उतरली नाही. डावीकडे कललेला एक लांब काप पडला आणि दोन कडी उघडी झाली. बाबांनी त्यावर अंगठा फिरवला आणि समाधानाने मान हलवली.

मी हातातल्या धनुष्याकडे बघितलं. तोच काप, डावीकडे कललेला. दादाचं मशीन असा काप पाडतच नाही. ही खूण मला पहिल्याच क्षणी दिसायला हवी होती, पण मी रागाने आंधळी झाले होते. वर्षभरात बाबांनी पेपर वाचणं सोडलं, त्यात काही राहिलं नाही म्हणाले, आणि मी तेही खरं मानलं होतं.

दादा मला नजरेने गप्प राहा म्हणत होता. मला त्याचा आणखीच राग आला. याच्या दयेपायी एक धनुष्य वाया गेलं, आता दुसरं जाणार, आणि पट्ट्या गुंडाळायला आम्ही दोघं.

“बाबा, थांबा,” मी म्हणाले. “कडं तुटलं. आणि मघाचं दादाने तोडलेलं नाही. तेही तुम्हीच तोडलंय.”

सुरी थांबली. दादाने माझा हात धरला, तो मी झटकला. बाबांनी त्या कापावर पुन्हा अंगठा फिरवला.

“किती?” त्यांनी विचारलं.

“तीन. आणि यात दोन.”

“मग शेगडी पेटव. तुझं एकासाठी घातलं होतं.”

धनुष्य अख्खं शेगडीत मावेना, म्हणून मी ते गुडघ्यावर घेतलं. जोर लावावाच लागला नाही. ते गाठीपाशी काडकन मोडलं. बाबांनी दोन्ही तुकडे मागून घेतले, मोडल्या जागेवर बोटं फिरवली आणि ते स्वतःच्या हाताने आत घातले.

मग त्यांनी सुरी उचलली आणि दोन्ही मुठी माझ्याकडे करून पुढे धरली.

“पुढची फाक तू निवड.”

मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. राग अजून गेला नव्हता. दादाला म्हटलं, माळ्यावर चढ आणि सगळ्या फाका खाली काढ.