मी कानशीनं घासलेला नाही!

मित्रांनो, मी वीस पैशांचं एक जुनं, पिवळं नाणं बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे बघून ‘अरेरे, बिचारं खराब झालं’ असं म्हणायचं काम नाही. खराब झालेलं नाणं वेगळं आणि मी वेगळा. मी जन्मलोच असा!

टांकसाळीत आम्ही सगळे आधी कोऱ्या चकत्या असतो. वरून एक ठसा, खालून एक ठसा, मध्ये चकती. धाडकन दाब बसला की झालं नाणं. माझ्या पाळीला मी जागेवर नीट बसलोच नव्हतो, जरा सरकलो होतो. त्यामुळे माझं कमळ एका बाजूला गेलं, त्याची पाकळी कडेबाहेर पडली, आणि समोरच्या कडेला नखाएवढी कोरी चंद्रकोर राहिली. तपासणाऱ्याच्या नजरेतूनही मी निसटलो. यात माझा काय दोष, सांगा बघू?

पण बाजारात कोण ऐकतो! दुकानदार मला उलटसुलट करायचा आणि परत फेकायचा. ‘खोटं आहे’, ‘कुणीतरी कापलंय’, एक ना दोन. शेवटी खारेपाटणच्या स्टॅंडवर एका म्हातारीनं मला एसटीच्या कंडक्टरच्या हातावर ठेवलं. त्या तरुण कंडक्टरला सगळे भाई म्हणत. डेपोत मला कोणी घेईना, तेव्हा त्यानं पदरचे वीस पैसे भरले आणि मला खिशात टाकलं. म्हणाला, “ह्या कोणी कापूक नाय. ह्या टांकसाळीतच असा झालाहा.”

अख्ख्या दुनियेत मला ओळखणारा तो पहिला माणूस. मला तो तेव्हापासून आवडतो.

भाईनं मला मालवणजवळच्या आपल्या घरी आणून देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलं. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचा. पण शेजारचा बाबली होता ना! सुतारकाम करणारा, म्हणून कानस म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं असा त्याचा तोरा. पहिल्याच दिवशी म्हणाला, “अरे मेल्या, कानशीन घासलला नाणा कोणीतरी तुझ्या गळ्यात मारल्यान!” सगळे हसले. पुढं पन्नास वर्षं हसतच राहिले. लग्नात, जत्रेत, कुठेही भाई दिसला की बाबली विचारायचा, “काय रे, कानस मारलला नाणा आसा मा जाग्यार?” अलीकडे तर तो म्हणू लागला की भाईनंच मला घासलं असणार. शिरा पडो त्या बोलण्यावर! माझ्यामुळे एक सरळ माणूस गावात खोटा ठरत होता, आणि मला तोंड नव्हतं.

यंदा मालवणात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. नाणी पारखणारी कोल्हापूरची एक मुलगी येणार असं कळलं. भाई आता पंचाहत्तरीच्या पुढचा. तो बायकोला म्हणाला, “सुगंधा, एकदा जाणत्या माणसान सांगूक व्हया. मगे काय व्हायचा तां होवंदे.”

आणि तिथेच घोळ झाला. सुगंधानं आदल्या दिवशी देवांची भांडी घासायला काढली. कोकमाची सोलं भिजवली, राख घेतली. नवरा इतक्या मोठ्या कामाला निघालाय, तर नाणं काळं कशाला न्यायचं, म्हणून समईच्या पाठोपाठ मलाही घेतलं आणि मायेनं खसाखसा घासलं. मित्रांनो, पन्नास वर्षांत अंगावर धरलेली माझी काळपट साय होती ती! पाच मिनिटांत गेली.

प्रदर्शनात भाई, सुगंधा आणि मागून मजा बघायला बाबली. पारखणाऱ्या मुलीचं नाव तेजस्वी. तिनं मला कडेनं उचललं, भिंग लावलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“काका, ही झळाळी मूळची नाही. यावर बारीक ओरखडे आहेत. कोणी हत्यार चालवलंय का?”

भाई गोंधळला. बाबली लगेच पुढे सरकला. “मी सांगत नाय होतंय? कानस!”

भाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात सुगंधा पदर सावरत टेबलाशी आली. भरल्या हॉलमध्ये लाजेनं ती लाल झाली होती, तरी बोललीच. “बाय, हत्यार बित्यार काय नाय. मी घासलंय, काल. सोलांच्या पाण्यान आणि राखेन. ह्यांका म्हायतच नाय.”

तेजस्वीनं पुन्हा भिंग लावलं. “खरंच, ओरखडे सगळीकडे सारखेच आहेत. नुसत्या कोऱ्या जागेवर नाहीत.” मग मला उलटं केलं. पाठीवरही त्याच कडेला तशीच चंद्रकोर. शेवटी तिनं छोट्या काट्यावर माझ्याच वर्षाचं एक धड नाणं ठेवलं, मग मला ठेवलं. दोघांचं वजन सारखं!

“कानशीनं कापलं असतं तर धातू कमी झाला असता,” ती म्हणाली. “ठसा बसताना चकतीच सरकली होती. टांकसाळीची अस्सल चूक आहे काका. फक्त घासलं नसतं, तर याचं मोल कितीतरी पट झालं असतं.”

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. “माज्या हातान वाटोळा झाला गो बाय.”

“रडतंस कित्या?” भाई म्हणाला. “माका काय ह्या इकूचा आसा? तू खरा बोललंस म्हणान आज मी खरो ठरलंय.” मग त्यानं भिंग उचलून बाबलीच्या हातात दिलं. बाबलीनं मला खूप वेळ बघितलं. भिंग परत ठेवताना त्याची मान खाली होती. “चुकलंय रे भाई,” तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनं नाणं असेल तर त्याला सोलं, चिंच, राख काही काही लावू नका. काळं आहे तर काळं राहू द्या. आणि एखादं माझ्यासारखं सरकलेलं हाताला लागलं, तर कुणीतरी कापलंय म्हणून हसण्याआधी भिंग लावा, वजन करा, पाठ बघा. पन्नास वर्षं हसायला बाबलीला ना भिंग लागलं, ना काटा. एक शब्द मागे घ्यायला मात्र त्याला केवढा वेळ लागला!