विश्राम न येणारी शिट्टी

मित्रांनो, करुणाताईंच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात दोरीला बांधलेली जुनी पितळी शिट्टी पाहिलीत? तीच मी. पोटात बुचाचा एक गोळा आणि अंगावर दातांच्या खुणा, एवढीच माझी इस्टेट.

पितळेच्या पत्र्याने ठोके खाल्ले तेव्हा माझा जन्म झाला. मग हिंगोलीला आले ती थेट सुदाम उस्तादांच्या ओठांवर. उस्ताद म्हणजे पोलिसांना कवायत शिकवणारे हवालदार. त्यांचे मैदान पाहून मला वाटले, आपण चुकून फौजेत आलो! तीच प्लाटून, तोच कदमताल, तोच कडक सॅल्यूट. मी एकदा लांब वाजले की शंभर माणसे सावधान. हूं नाही की चूं नाही. उस्ताद 'विश्राम' म्हणेपर्यंत नाकावरची माशीसुद्धा कोणी हाकलायची नाही.

पण कवायत संपली की तेच उस्ताद सांगायचे, "पोलीस म्हंजी अर्धा जवान अन् अर्धा शेजारी. ध्यानात ठिवा." मी बुचकळ्यात पडायचे. यातला माझा अर्धा कोणता?

निवृत्त होताना त्यांनी मला लाडक्या शिष्येच्या, करुणाताईंच्या हातावर ठेवले आणि ते कळमनुरीजवळच्या आपल्या तांड्यावर राहायला गेले. ताईंनी मला घासूनपुसून चकचकीत ठेवले, पण मी वाजायचे ते परेडपुरतेच. तिकडे उस्ताद एकेक गोष्ट विसरू लागले.

गेल्या हिवाळ्यात ते सकाळी शेताकडे म्हणून गेले आणि परतलेच नाहीत. दुपारी त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई ठाण्यात आल्या. "सकाळची गोळी बी घेतली न्हाई त्यायनं," एवढे बोलून त्या मटकन खाली बसल्या.

ठाण्याच्या साहेबांनी शोध सुरू केला तो अगदी शिस्तीत. वीस जण, हातभर अंतर, उभ्या तुरीतून सरळ रांग. दर पन्नास पावलांवर करुणाताई मला लांब फुंकायच्या. रांग थांबायची, "उस्ताद!" अशी हाक जायची आणि सगळे कान देऊन ऐकायचे. उत्तर काही येत नव्हते. मी जीव तोडून वाजत होते. ऊन कलले तसा ताईंचा श्वास माझ्यात कापरा येऊ लागला.

शकुंतलाबाईंना जीपमध्ये बसवले होते. त्या कशाच्या बसतात! तुरीतून वाट काढत त्या ताईंपाशी आल्या.

"पोरी, शिट्टी काहून वाजवून राहिली? शिट्टी झाली की ते बोलत न्हाईत! घरात कुकर लावायचा बंद केला म्या. ताठ उभे राहतात, 'विश्राम' म्हनंस्तोर."

करुणाताईंचा चेहरा उतरला. साहेब समोर असताना हुकूम द्यायचा तो साहेबांनी. आणि उस्तादांनाच हुकूम देणारी आपण साधी शिपाई कोण? त्या क्षणभर घुटमळल्या. मग मला ओठांवरून खाली सोडून पोटातून ओरडल्या, "उस्ताद, विश्राम!"

रांगेच्या टोकाबाहेर, धुऱ्याच्या बांधापलीकडे तूर हलली. उस्ताद उभे होते. जुळलेल्या टाचा आत्ता कुठे सुटल्या होत्या. सगळे धावेपर्यंत ते खाली कोसळले. शकुंतलाबाईंनी त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि त्यांना घोट घोट पाणी पाजले.

उस्तादांनी ताईंना ओळखले नाही. मला मात्र ओळखले. माझ्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "सावधान देऊन विसरून जात न्हाईत, पोरी. पाय लई दुखून राहिलेत."

मित्रांनो, मी त्यांना शोधत होते की उभे करून ठेवत होते, हे मला अजून उमगलेले नाही. शिस्त होती म्हणून वीस माणसे घटकेत जमली, हेही खरेच. तेव्हा मला जपा, पुसा, वेळ आली तर जोरात वाजवाही. पण माझी एक विनवणी आहे. मला फक्त सावधान येते. विश्राम माणसालाच म्हणावा लागतो. तो म्हणायला विसरू नका. कोणीतरी अजून उभे असेल.