गोदूबाईच्या बाजूचा वायपर

तुळशीराम भोईराच्या पिकअपला दोन वायपर होते, आणि ऐन जुलैत त्यातला नेमका नको तोच गेला. डावीकडचा, म्हणजे जिथं कुणी बसलं काय नि न बसलं काय, तो ठणठणीत राहिला. ड्रायव्हरच्या पुढ्यातला मात्र दोन आचके देऊन काचेवर आडवा झाला तो झालाच.

राहनाळच्या गोदामांना पिण्याच्या पाण्याचे जार पुरवायचे, हा तुळशीरामचा धंदा. स्वतःच्या जमिनीवर गोदामं उभी होती, भाडं येत होतं, घरात बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं. पण साठी उलटली तरी सकाळी आठला स्वतः गाडी बाहेर काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

मुलगा दीपेश, वय सत्तावीस, यानं बॉनेट उघडून आत डोकावून पाहिलं. "बाबा, मोटार चांगली हाय. आतली लिंक गेलीय."

"लिंक म्हंजे?"

"मोटारीपासून वायपरांना सळ्या जातात ना, त्यांचा सगळा सांगाडा. तुमच्या बाजूच्या सळीच्या सांध्यातला बुश झिजून निसटलाय. अख्खा सेट बदलायला लागेल. आपली गाडी जुनी, पार्ट यायला पंधरा-वीस दिवस."

"तवर काय गोदामवाल्यांनी पावसाचा पानी प्यायचा? हा रस्ता मी डोले मिटून जाईन."

दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ डोळे मिटूनच गेला. तिसऱ्या गोदामाच्या फाटकात वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची चाकाखाली चपटी झाली. वॉचमन त्या वेळी चहा आणायला गेला होता, हे दोघांचंही नशीब. घरची एक खुर्ची भरपाई म्हणून गेली.

त्या दुपारी त्याची बायको गोदूबाई म्हणाली, "उद्यापासनं मी बसते बाजूला. माज्या पुढची काच साफ असते."

"तू?" तुळशीराम हसला. "तुना गाडीतला काय कलतं गो?"

"गाडीतला न्हाय कलत. पन म्हस दिसली तर म्हस म्हनता येतं मना."

दीपेशला बसवावं तर त्याचे डोळे रस्त्यापेक्षा मोबाईलवर जास्त. तेव्हा गोदूबाई साडीवर रेनकोट चढवून, पिशवीत पान-सुपारी घेऊन डाव्या सीटवर जाऊन बसली.

पहिला दिवस भांडणात गेला.

"इकडं घ्या, इकडं!"

"इकडं म्हंजे कुठं?"

"आवो, मी हात करतेय तिकडं!"

"तुजा हात बगू का रस्ता बगू?"

"रस्ता दिसतोय कुठं तुमाला!"

डावं-उजवं गोदूबाईच्या तोंडात घाईत उलटसुलट होई. संध्याकाळी चुलीपाशी बसून दोघांनी तह केला. उजवीकडचं ते 'जेवनाच्या हाताला', आणि डावीकडचं ते 'माज्या अंगाला'. मग मात्र गाडी सुतासारखी सरळ चालली.

"जेवनाच्या हाताला खड्डा, मोठा हाय. म्होरं रिक्षा. आता थांबनार ती, तिचा भरवसा न्हाय. माज्या अंगाला घ्या, आजून थोडी. हां, सोडा आता."

तुळशीराम मान पुढं काढून, स्टिअरिंगला छाती लावून, बायको सांगेल तसा वळत होता. पाऊस त्याच्या अर्ध्या काचेवर पाट वाहिल्यासारखा वाहत होता, आणि तिच्या अर्ध्या काचेवर वायपर कुरकुर करत इमानानं फिरत होता.

चार-सहा दिवसांत गोदूबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. बोअर कुठं मारू नये हे तिनं सांगितलं होतं, तिथंच मारली, कोरडी लागली. कोणाच्या नादी लागू नका हे सांगितलं होतं, त्याच्याच नादी लागून पंचायतीला उभा राहिला, पडला. ह्या माणसानं तिचं ऐकलेलं तिला आठवत नव्हतं. आणि आता? ती "थांबा" म्हणे, आणि हा पठ्ठ्या अख्खं अंग टाकून ब्रेक दाबी.

खात्री करून घ्यावी म्हणून एकदा तिनं मोकळ्या रस्त्यावर उगाच म्हटलं, "थांबा!"

गाडी जागच्या जागी थांबली. मागं जार एकमेकांवर आदळले.

"काय हाय?" तुळशीरामनं घाबरून विचारलं.

"मांजर." तिथं मांजर नव्हतं. "गेली. चला आता."

त्या रात्री तिला छान झोप लागली.

गुरुवारी धामणकर नाक्यावरच्या एका ऑफिसात जार द्यायचे होते. पाऊस, ट्रॅफिक, शेअर रिक्षांची खेचाखेची, सगळं भर रंगात. मध्येच गोदूबाई म्हणाली, "थांबा."

थांबला. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला.

"आता काय आडवं आलं?"

"बांगड्यांचं दुकान. दोन मिनटं हां."

एरवी त्यानं आकाश-पाताळ एक केलं असतं. पण पुढं खरंच जायला वाट आहे की नाही हेच त्याला दिसत नव्हतं, त्यामुळं काय म्हणून ओरडणार? गोदूबाई हिरव्या बांगड्या भरून आली.

आणि मग शुक्रवारी दीपेश खोका घेऊन घरी आला. "बाबा, लिंकेज आली! उद्या राघोकडं जाऊन बसवून घेऊ."

गोदूबाईचा हात भाकरीवरच थबकला. "उद्या शनवार. शनवारी लोखंडाच्या कामाला हात लावू नये."

रविवारी राघोचं गॅरेज बंद. सोमवारी ती म्हणाली, पाऊस कमी झालाय, आता कशाला घाई. दीपेश म्हणाला, "आई, पाऊस कमी असतानाच हे काम करायचं असतं." अखेर मंगळवारी तिघं कामतघरला गेले.

राघोचं गॅरेज म्हणजे एक निळी ताडपत्री, खाली लोखंडाचा पसारा, आणि भिंतीपलीकडं अखंड खडखडणारे कापडाचे लूम. राघो पन्नाशीचा, स्वतः शिकलेला, आणि म्हणून कुणाचं काही ऐकून न घेणारा. त्यानं गोदूबाईला स्टूल दिलं, वायपरचे हात उपटले, काचेखालची काळी जाळी उचलली आणि आत पाना घातला. मोटारीसकट जुना सांगाडा बाहेर आला. गंजून तांबडा झालेला. निसटलेल्या बुशाचा राघोनं बोटांत नुसता चुरा केला.

"हा बघा काका, ह्याचा पार भुगा झालाय."

नवी लिंकेज बसली. राघोनं वायपर लावून बटण दाबलं. दोन्ही वायपर फिरले, सगळ्यांना बरं वाटलं. बटण बंद केलं, तर दोन्ही काचेच्या मधोमध उभे राहिले, पोलिसानं हात वर करायला लावल्यासारखे.

"काय नाय, पोझिशन," राघो म्हणाला. त्यानं वायपरचे हात काढून खाली निजवून घट्ट केले, पुन्हा बटण दाबलं. आता ते काच सोडून खाली बॉनेटवरच फटाफट आपटायला लागले, आणि दुसऱ्या फेरीला एकमेकांत अडकून नणंद-भावजयीसारखे ओढाताण करू लागले.

राघोनं पुन्हा सगळं खोललं, आणि होतं तसंच पुन्हा बसवायला घेतलं.

गोदूबाई स्टुलावरून बघत होती. मोटारीच्या टोकाला जी आखूड दांडी होती, जिच्यावर सगळा सांगाडा फिरायचा, ती राघो हाताला येईल तशी घट्ट करत होता. मोटार कुठं येऊन थांबलीय हे बघतच नव्हता. गोदूबाईनं तीस वर्षं शिलाई मशीनवर गावाचे ब्लाउज शिवले होते. सुई बदलायची तर आधी चाक फिरवून दांडा वर जागेवर आणायचा, नाहीतर पुढचं सगळंच चुकतं, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

चुकू दे, तिनं मनात म्हटलं. तोंडात सुपारी होती, ती ह्या गालातून त्या गालात नेली.

अर्ध्या तासानं वायपर पुन्हा उभेच राहिले. आता तुळशीरामच कंटाळला. "राहू दे रं राघो. जुनंच घाल परत. एक चालतोय ना, बास झाला. म्हातारी बसते बाजूला."

गोदूबाईच्या पोटात गुदगुल्या झाल्या. काम फत्ते! पण तुळशीरामचं वाक्य संपलं नव्हतं.

"तिला तरी घरात दुसरं काय काम हाय?"

गोदूबाईनं सुपारी थुंकली आणि उभी राहिली.

"राघो, मोटारीवरच्या दांडीचा नट काढ."

"काकी, तुम्ही बसा, हे टेक्निकल..."

"काढतो का मी काढू?"

राघोनं काढला.

"आता नुसती मोटार चालव. बंद कर. बग, आता ती आपल्या आपन जाग्यावर थांबली. हितं वायपर झोपलेले असतात. आता सल्या झोपलेल्या धर, आन मग दांडी लाव. हलू देऊ नको मोटार."

राघोनं तसं केलं. बटण दाबलं. दोन्ही वायपर एका तालात वर गेले, एका तालात खाली आले, आणि बंद करताच काचेच्या कडेला शहाण्या मुलांसारखे निजले.

राघो पाना पुसत बघत राहिला. "काकी, शिकलात कुठं?"

"घरी," गोदूबाई नवऱ्याकडं न बघता म्हणाली. "दुसरं काय काम हाय मना?"

दीपेशला हसू आवरेना, म्हणून तो कुणाचातरी फोन आल्यासारखं करून बाहेर गेला आणि मग तिथूनच रिक्षानं घरी गेला.

परतताना पावसानं पुन्हा जोर धरला. दोन्ही काचा लख्ख. तुळशीराम मजेत शीळ घालत चालवत होता. गोदूबाई बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसली होती, ओठ मिटून. राहनाळच्या वळणाच्या अलीकडं पुढचं चाक एका खड्ड्यात असं गेलं की दोघांची डोकी टपाला लागली.

तुळशीराम गाडी बाजूला घेऊन तिच्याकडं वळला. "बोलली का न्हाय?"

"तुमाला दिसत व्हतं ना आता?"

"दिसत व्हतं." तो डोकं चोळत म्हणाला. "पन तू बोलली न्हाय, म्हनून मना वाटलं खड्डा नसंल."

गोदूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. तिनं तोंड पुन्हा खिडकीकडं फिरवलं, पण आता हसू लपवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काही तयार झाली नाही. आठला दीपेश डाव्या सीटवर जाऊन बसला. तुळशीरामनं गाडी चालू केली आणि हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग उतरून दारात आला.

"गोदू, चल गो."

"कशाला? वायपर झाले ना नवे?"

"वायपर पानी पुसतो," तुळशीराम दाराच्या चौकटीला हात टेकून, जमिनीकडं बघत म्हणाला. "बाकीचं कोन सांगनार?"

छत्तीस वर्षांत इतक्या नरमाईनं तो फक्त मतं मागताना बोलला होता. गोदूबाईनं चहा संपवला, केस विंचरले, साडी बदलली. दीपेशला मागं जारांपाशी बसावं लागलं. पहिल्या गोदामात ते चाळीस मिनिटं उशिरा पोचले, आणि तिथल्या मॅनेजरनं कारण विचारलं तेव्हा तुळशीराम म्हणाला, "ट्रॅफिक व्हता, साहेब."