शून्य पॉइंट आठ

“आधी एक टोक सोडवायचं, मग मोजायचं. नाहीतर ज्याचं माप हवं ते राहील बाजूला आणि शेजारपाजारच्यांचं घेऊन घरी याल.”

प्रशिक्षण केंद्रातले सर हे प्रत्येक वर्गाला बजावत. फळीवर वीज अडवणारे सारखेच दोन रोधक शेजारीशेजारी, समांतर जोडून ते मीटर लावायला सांगत. आकडा एकाच्या निम्मा येई. विजेला एकाऐवजी दोन वाटा मिळाल्या, की अडथळा निम्मा. मग ते फळीमागून एकाचं टोक हळूच काढून घेत आणि काय बदललं ते विचारत. आकडा दुप्पट झालेला असे. तिला हा धडा वीस वर्षांनंतरही पाठ होता. पाठ असून काय उपयोग झाला, हे मात्र या आठवड्यात कळलं.

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळे मीटरताई म्हणत. वर्षातून एकदा ती प्रत्येक यंत्राचं अर्थिंग तपासायची. मीटरची एक वायर यंत्राच्या अंगाला, दुसरी भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला. आकडा एक ओहमच्या आत आला की यंत्र पास. मग कधी यंत्राच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो.

चार नंबरच्या यंत्रावरचा माणूस वाचला नाही. बडबड्या म्हणायचे त्याला. तोंड मिटलं तर दम लागतो, असं तो स्वतःच सांगे. मंगळवारी सकाळी ओल्या हातांनी त्याने यंत्राचं दार धरलं आणि ते त्याला सोडता आलं नाही.

चौकशी दोन दिवसांत उरकली. यंत्राची अर्थिंगची वायर तुटलेली निघाली. पंधरा दिवसांपूर्वी रुग्णालयाच्या नळांची कामं करणाऱ्या नळकाकांनी त्या यंत्राची गंजलेली लोखंडी नळी काढून प्लास्टिकची बसवली होती. ओढाताणीत वायर त्यांनीच तोडली असणार, कारण त्याआधीच्या चाचणीत सगळं ठीक होतं. चाचणी तिची होती. नळकाकांना कामावर यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं.

आपलं सामान न्यायला आले तेव्हा ते तिच्या खोलीच्या दारात घुटमळले. एरवी तिची थट्टा केल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस. तिने बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नळी ओढताना पाना कशाला लागला होता का, हे रात्रंदिवस आठवून पाहतोय, पण आठवत नाही, म्हणाले. घरात कुणाशी बोलवत नव्हतं.

“तू मोजणारी आहेस. मी तोडली का ग ती?”

“उद्या बघते, काका. जे निघेल ते तुमच्या घरी येऊन सांगेन.”

“साहेबांकडून निरोप नको. तू ये.”

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राखाली आडवं पडून एकेक जोड तपासला. वायर, दोन वायरी जोडणारी खिळपट्टी, पुन्हा वायर. एकामागोमाग एक अशा एकसर जोडणीत एक कडी गेली की सगळंच गेलं. गेलेली कडी फरशीलगतच्या नळकांडीत होती. तांबं सोड्याच्या पाण्याने खाल्लं होतं, टोक हिरवंगार, भुसभुशीत. पंधरा दिवसांत असं होत नाही.

मग तिने चाचण्यांची वही उघडली. दोन वर्षांपूर्वी ०.४. गेल्या वर्षी ०.४. यंदा, नळी बदलायच्या महिनाभर आधी, ०.८. पुढे तिच्याच वळणदार अक्षरात ‘ठीक’.

पाण्याची लोखंडी नळीही जमिनीत जाते; विजेला ती दुसरी वाट होती. वायर आणि लोखंडी नळी, दोन्ही मिळून ०.४ येत होतं. ०.८ झालं तेव्हा वायर आधीच गेली होती. आकडा एकट्या नळीचा होता, आणि प्लास्टिकची नळी आल्यावर तीही वाट बंद झाली. त्या दिवशी अठरा यंत्रं व्हायची होती. वायर सोडवायचा नट गंजला होता. बडबड्या शेजारी उभा राहून म्हणत होता, की हे यंत्र माझ्यापेक्षा धडधाकट आहे, ताई, करा पास. आणि हसत हसत तिने केलं होतं.

तिने सगळं लिहून मोठ्या साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचून कागद तिच्याकडे सरकवला. आकडा एकच्या आत आहे, तुम्ही सुटलात, विस्तवात हात कशाला घालता, असं अगदी मायेने म्हणाले.

“हद्दीतल्या आकड्याला कुणी जाब विचारत नाही, बाई.”

“काकांनी विचारलाय, साहेब.”

कागद तिने परत त्यांच्यापुढे ठेवला. एक प्रत पर्समध्ये होती.

फाटकाबाहेर रिक्षा उभ्या होत्या, पण ती चालत निघाली. वायर तुम्ही तोडली नाहीत, हे सांगणं सोपं होतं. पण ते पुढचं विचारतीलच. लोखंडी नळी तशीच राहिली असती तर बडबड्या वाचला असता का? वाचला असता. तेही सांगावं लागणार होतं. आणि ती नळी हीच त्याला वाचवणारी शेवटची वाट उरली आहे, हे तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, हेसुद्धा.

पुढच्या चौकात तिने एकाला नळकाकांची गल्ली विचारली आणि त्याने दाखवलेल्या बाजूला वळली.