नळापर्यंत जाऊन परत येणारी फळी

मित्रांनो, लांबीला एक वीत, रुंदीला चार बोटं आणि वरच्या टोकाला सुतळी ओवायला एक भोक, एवढाच माझा देह. वयाने मी आता बरीच जुनी झाले आहे. तुम्ही आजवर तलवारींची, वडाच्या झाडांची आणि फाटक्या पुस्तकांची आत्मवृत्तं ऐकली असतील. त्यांनी लढाया पाहिल्या, ऋतू पाहिले. मी विक्रोळीतल्या एका मराठी शाळेची सहावी ब पाहिली. त्यामुळे लढायांच्या बाबतीत मी फारशी मागे नाही.

इथल्या एका कारखान्यात परदेशातून एक यंत्र आलं. ते ज्या देवदारी खोक्यातून आलं, त्या खोक्याचा मी एक तुकडा. यंत्र कारखान्यात गेलं, खोकं भंगारात गेलं आणि भंगारातून आमच्या शाळेचे शिपाई गुणाजी यांनी ते डोक्यावरून शाळेत आणलं. मग शाळेत काही मोडलं की गुणाजी खोक्याचा एक तुकडा कापत. कुठे बाकाला पाठ झाली, कुठे खिडकीला अडसर. माझी एक सख्खी बहीण मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या चौथ्या पायाखाली गेली. तिला जग दिसलं नाही, पण वजनदार माणसांचा सहवास लाभला. शिवाय कार्यालयात जे बोललं जाई ते मला तिच्याकडून कळे. लाकडाची बातमी लाकडाला पोचते.

माझ्या पाठीवर काळ्या शाईत एक चित्र होतं, उंच दांड्याच्या पेल्याचं. आत फुटणारी वस्तू आहे, जपून उचला, असं हमालांना सांगण्यासाठी ते खोक्यावर छापलेलं असतं. आमचे मुख्याध्यापक प्रभुदेसाई सर यांना तो दारूचा पेला वाटला. त्यांनी तो खरवडून काढायचा हुकूम दिला. गुणाजींनी निम्मा खरवडला आणि तेवढ्यात घंटा द्यायची वेळ झाली. उरलेला निम्मा पेला आजही माझ्या पाठीवर आहे.

पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात 'बाहेर' असं लिहून मला सहावी ब च्या दाराशी खिळ्याला टांगलं. ज्याला एक नंबरला जायचं असेल त्याने बाईंना विचारायचं, मला घ्यायचं आणि जायचं. खिळा रिकामा असेपर्यंत दुसऱ्याने तग धरायचा. पहिली पाच वर्षं मी एवढंच काम केलं. त्याचं सविस्तर वर्णन करत नाही.

त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये शकु सहावीत आली.

अकरा वर्षांची, सडपातळ, दोन वेण्या आणि त्यांतल्या एकीलाच रिबिन. वडील कारखान्यात तिन्ही पाळ्यांत. आई दोन वर्षांपूर्वी कणकवलीला गेली ती परत आली नव्हती. का आली नाही, ते मोठी माणसं एकमेकांना हळू आवाजात सांगत आणि मुलं शकुला मोठ्या आवाजात विचारत. शकु त्याचं उत्तर हाताने देई. पाचवीत तिने दोघांना कंपासपेटीने, एकाला डब्याने आणि संगीताच्या बाईंना चुकून मारलं होतं. अंगठे धरणं, बाकावर उभं राहणं, वर्गाबाहेर बसणं, असा शिक्षांचा सगळा अभ्यासक्रम तिने एका वर्षात पूर्ण केला होता, आणि फरक पडला नव्हता. तिच्या शेजारी कोणी बसत नसे.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच तिने चंद्रप्रकाशच्या दंडाचा चावा घेतला. चंद्रप्रकाश हा वर्गातला गोरागोमटा, हुशार आणि चेंडूवेडा मुलगा. त्याने फक्त एक प्रश्न विचारला होता. प्रश्न तोच.

प्रभुदेसाई सरांनी शकुचा शाळा सोडल्याचा दाखला तयार करून खणात ठेवला. तारखेची जागा तेवढी कोरी. "आणखी एकदा कोणावर हात उचलला, की तारीख घालणार," ते म्हणाले. अशा दाखल्यानिशी तिला जवळपास कोणती शाळा घेणार नव्हती. मग कणकवलीला आजोळी, आणि तिथे शाळेऐवजी गुरं.

वर्गशिक्षिका होत्या पेट्रिशिया परेराबाई, मरोळच्या गावठाणातल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत बसणाऱ्या. त्या सरांना म्हणाल्या, "सर, सहामाहीपर्यंत तिला माझ्याकडे राहू द्या."

"तोवर मुलं पुरतील का, बाई?"

"अठ्ठेचाळीस आहेत, सर," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी शकुला थांबवलं. मी खिळ्यावरून सगळं ऐकत होते.

"शकु, मारायच्या आधी तुला कळतं का गं, की आता आपण मारणार?"

हे शकुला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "कान गरम होतात."

"झालं तर मग. कान गरम झाले की ही फळी घ्यायची. मला विचारायचं नाही. नळापर्यंत जायचं, तीन चुळा भरायच्या आणि परत यायचं."

"आणि मग?"

"मग काय? बसायचं."

"तुम्ही विचारणार नाही, काय झालं म्हणून?"

"नाही."

"पोरं विचारतील ना."

"त्यांना मी बघते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हा नियम सगळ्या वर्गाला सांगितला. फळी घेऊन जाणाऱ्याला अडवायचं नाही, परत येणाऱ्याला विचारायचं नाही. झालं, सहावी ब मध्ये कान गरम होण्याची साथ आली. गणिताच्या तासाला तर जवळजवळ सगळ्यांचेच कान तापले. मला दिवसभर दम खायला फुरसत नव्हती. बाईंनी कोणालाही अडवलं नाही. शुक्रवारपर्यंत सर्वांच्या लक्षात आलं की नळावर पाण्याशिवाय काहीही नसतं, आणि परत यावंच लागतं. साथ ओसरली. खरी रोगी तेवढी उरली.

आता शकु लगेच सुधारली असं तुम्हांला वाटेल. पहिल्या पंधरवड्यातच तिने मला खिळ्यावरून उचललं ते नळाकडे जाण्याऐवजी भिरकावलं. मी भिंतीवरच्या भारताच्या नकाशावर आदळले. माझा एक कोपरा उडाला आणि नकाशा गुजरातपाशी फाटला. सरांनी खण उघडला. बाईंचं म्हणणं पडलं की नकाशाला मारणं म्हणजे कोणाला मारणं नव्हे. यावर कार्यालयात अर्धा तास चर्चा झाली, आणि बहिणीच्या सांगण्यानुसार सरांनी खण जोरात बंद केला. गुजरात शकुने स्वतः खळ लावून चिकटवला. तो किंचित वाकडा बसला आहे.

नळाच्या टाकीपाशी गुणाजी स्टुलावर बसलेले असत. नळ उघडे टाकणाऱ्यांवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. शकु मला टाकीच्या कट्ट्यावर ठेवी, तीन चुळा भरी आणि तशीच उभी राही. गुणाजी तिच्याकडे बघत नसत. एकदा नुसतं म्हणाले, "पयल्या नळाक पाणी नाय गो, दुसरो उघड." एकदा ते गावच्या म्हशीबद्दल बोलले. ती म्हैस चिडली की कोणालाही जवळ येऊ देत नसे, आणि नदीत तासभर बसली की आपण होऊन गोठ्यात येई.

"मी काय म्हैस आहे?" शकु म्हणाली.

"नाय. म्हशीक परत येऊक सांगूचा लागत नाय."

शकुला हसू आलं, ते तिने चौथ्या चुळीत लपवलं. मग एका दिवशी ती टाकीपाशी बराच वेळ रडली. गुणाजी उठले, तिसरा नळ सोडला आणि म्हणाले, "रड बाय. नळाच्या आवाजात कोणाक ऐकाक येना नाय." ज्या माणसाची नेमणूक पाणी वाया जाऊ नये म्हणून झाली होती, त्याने त्या दिवशी निदान दोन बादल्या पाणी वाहू दिलं. मी कट्ट्यावर होते. मी कोणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये ती मला दिवसातून नऊ-दहा वेळा नेई. गणपतीपर्यंत चारदा, नवरात्राआधी एखाददुसऱ्या वेळी. तिच्या घामाने माझी एक कड काळसर आणि गुळगुळीत झाली. एवढं कौतुक पॉलिशवाल्यानेही माझं केलं नसतं.

सहामाहीला आठ दिवस उरले होते. मधल्या सुट्टीत सूचनाफलकाची काच फुटली. त्याच सकाळी प्रभुदेसाई सरांना वरच्या कार्यालयातून एक लांबलचक पत्र आलं होतं आणि ते त्यांनी तीनदा वाचलं होतं. सुट्टी संपताच सर आमच्या वर्गात आले. हातात तो कोऱ्या तारखेचा दाखला.

"शकुंतला, उभी राहा. काच का फोडलीस?"

"मी नाही फोडली, सर."

"मग कोण फोडणार?"

"मी नाही फोडली."

"सर, ती सुट्टीभर माझ्यासोबत वह्या..." बाई बोलायला लागल्या.

"तुम्ही मध्ये पडू नका, बाई. तीन महिने तुमचंच ऐकतोय." सरांचा आवाज चढत गेला. काचेवरून ते नकाशावर गेले, नकाशावरून चंद्रप्रकाशच्या दंडावर, आणि तिथून म्हणाले, "घरात वळण लावायला आईच नसली की..."

पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पण ते अठ्ठेचाळीस मुलांना पाठ होतं.

शकु बाकावरून निघाली आणि खिळ्यापाशी आली. तिचा तळवा एवढा तापला होता की मला खोकं असतानाचं बंदरावरचं ऊन आठवलं. परेराबाईंनी फळ्याची कड धरली. मी मनातल्या मनात नकाशाची क्षमा मागितली. दाखला सरांच्या हातात होता, पेन खिशाला होतं, आणि मी तिच्या हातात.

शकु सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "तुमचे कान लाल झालेत."

आणि तिने मला पुढे केलं.

"नळापर्यंत जायचं. तीन चुळा भरायच्या आणि परत यायचं. कोणी काही विचारत नाही."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई गुजरातकडे पाहत होत्या. वर्गात कोणी हसलं असतं, तर त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही. पण कोणी हसलं नाही. त्या नियमाची सगळ्यांना सवय झाली होती, आणि सरांचे कान खरोखरच लाल होते.

सरांनी मला घेतलं.

टाकीपाशी त्यांनी दाखला कट्ट्यावर ठेवला आणि तो उडू नये म्हणून मला त्यावर ठेवलं. गुणाजी स्टुलावरून उठले, पण त्यांनी सरांकडे बघितलं नाही.

"पयल्या नळाक पाणी नाय, सायब. दुसरो उघडा."

सरांनी तीन चुळा भरल्या. मग तोंड धुतलं. मग तसेच उभे राहिले.

"चेडू पण तिसऱ्या चुळीनंतर असाच उभा रवता," गुणाजी शकुबद्दल म्हणाले.

"किती वेळ?"

"पयला तासभर वाटायचा. आता पाच मिनटां."

सर पाच मिनिटांहून थोडे जास्त उभे राहिले. पहिल्याच खेपेला एवढं चालायचं.

ते वर्गात परतले तेव्हा कोणीही काहीही विचारलं नाही. त्यांनी मला स्वतःच्या हाताने टांगलं, उलटं, पेल्याची बाजू पुढे करून. दारात थांबून म्हणाले, "शकुंतला, घरचं जे बोललो, ते चुकलं." आणि निघून गेले.

शकु जागेवर जाऊन बसली. तेवढ्यात चंद्रप्रकाश उठला. त्याचे कान लाल नव्हते, चेहराच पांढरा होता. त्याने मला नळापर्यंत नेलं, तीन चुळा भरल्या, परत आणलं आणि म्हणाला, "बाई, काच माझ्या चेंडूने फुटली."

"सरांना सांगून ये," बाई म्हणाल्या.

"फळी नेऊ?"

"ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजींना कार्यालयातून एक लेखी हुकूम आला: सहावी ब मधील फळीच्या मापाची एक फळी करून कार्यालयाच्या दाराशी टांगावी. गुणाजींनी तो वाचला, मग कागद उलटा केला. पाठीमागे शकुचं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि तारखेची जागा कोरी होती. गुणाजींनी कागदाची बारीक घडी करून टोपीत ठेवली आणि कोणाला काही विचारलं नाही.

अडचण एवढीच होती की खोकं संपलं होतं. एकच तुकडा उरला होता. तो त्यांनी सरांच्या खुर्चीखालून काढला. अशी माझ्या बहिणीची बढती झाली. त्या दिवसापासून सर खुर्चीत थोडे डुलत बसत, पण बहिणीला त्यांनी परत पायाखाली घातलं नाही.

शकु पुढे फार मोठी झाली, असं सांगायला मला आवडलं असतं. ती अठ्ठ्याऐंशी साली दहावीची परीक्षा देऊन शाळेतून गेली, तारीख घातलेला रीतसर दाखला घेऊन. मधल्या वर्षांत तिने एकदा एकाला ढकललंही होतं, पण तो ढकलण्यासारखाच होता, असं परेराबाईसुद्धा खाजगीत म्हणाल्या. शेवटच्या दिवशी ती सहावी ब मध्ये आली, मला खिळ्यावरून काढलं आणि नळापर्यंत नेलं. तिचा हात गार होता. तीन चुळा भरल्या, मला परत आणून टांगलं, सुतळीचा पीळ सरळ केला आणि गेली.

मग परेराबाई निवृत्त झाल्या. वर्गाला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने माझा खिळा उपटला. सध्या मी नकाशांच्या कपाटामागे आहे. 'बाहेर' ही अक्षरं उडाली, पण निम्मा पेला टिकला आहे.

मित्रांनो, मला पुन्हा टांगा असं मी म्हणत नाही. वीतभर लाकूड कुठेही मिळेल. पण तुमच्याही वर्गात कोणाचे तरी कान गरम होत असतील. त्याच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर एक खिळा ठोका. तो बाहेर गेला की त्याची जागा धरून ठेवा. आणि परत आला की थोडं सरकून घ्या.